स्क्रूज बदलला, पण कर्जखताचं काय झालं?

नाताळ जवळ आला की ‘स्क्रूज्ड’ नावाचा एक जुना इंग्रजी विनोदी चित्रपट पुन्हा पुन्हा बघितला जातो. १९८८ सालचा, दिग्दर्शक रिचर्ड डॉनर, नायक बिल मरे. इतिहासाच्या व्याख्यानात असला चित्रपट कशाला, असं काही जणांना वाटेल. आम्ही तो मुद्दाम घेतला. पैसे लावणारा माणूस पडद्यावर कसा दाखवला जातो, हा आपल्या विदर्भात हसण्यावारी नेण्याचा विषय नाही.

आधी गोष्ट. फ्रँक क्रॉस हा न्यूयॉर्कमधल्या एका टीव्ही कंपनीचा प्रमुख. डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’चं थेट प्रक्षेपण तो नाताळच्या आदल्या रात्री करणार असतो, आणि स्वतः मात्र त्यातल्या कंजूष स्क्रूजसारखाच वागत असतो. जाहिरात आवडली नाही असं बोलून दाखवलं म्हणून एका कर्मचाऱ्याला ऐन सणात काढून टाकतो. मग त्याचा मेलेला साहेब भूत होऊन येतो, भूतकाळाचं भूत टॅक्सी चालवत येतं, आणि वर्तमानकाळाची परी तर त्याला टोस्टरनं हाणते! शेवटी हा गृहस्थ चालू प्रक्षेपणात घुसतो आणि सगळ्या देशादेखत पश्चात्ताप करतो. आपल्याकडे वाल्याचा वाल्मीकी व्हायला अंगावर वारूळ चढावं लागलं. इथे एका रात्रीत काम भागतं.

हसू येतं, नाही असं नाही. पण एक गोष्ट बघा. डिकन्सचा स्क्रूज पेढीवाला आहे, त्याचे पैसे लोकांकडे अडकलेले आहेत. फ्रँक क्रॉस हा नुसता साहेब आहे. धंदा बदलला आणि त्याबरोबर कथेतलं कर्ज निघून गेलं.

आणि डिकन्ससाठी तर कर्ज हीच मुळातली जखम होती. १८२४ साली त्याच्या वडिलांना एका पाववाल्याच्या सुमारे ४० पौंडांपायी लंडनच्या मार्शल्सी तुरुंगात जावं लागलं. बारा वर्षांचा चार्ल्स बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत होता. ‘अ ख्रिसमस कॅरोल’ प्रसिद्ध झाली १९ डिसेंबर १८४३ ला, आणि नाताळच्या आत ६,००० प्रती खपल्या. लोकांनी ती सणाची गोष्ट म्हणून घेतली, पण तिच्यात चर्च फारसं नाहीच. आहे तो हिशेब.

इथे नागपूरकरांसाठी एक गंमत. हे पुस्तक आल्यानंतर जेमतेम सव्वा वर्षानं, १८४५ मध्ये, स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले. होय, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. बायबलमध्ये सांगितलेला नाही म्हणून नाताळ न पाळण्याची त्या पंथाची जुनी परंपरा. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी आली ती १९५८ साली. म्हणजे डिकन्सचा नाताळ नागपुरात मिशनऱ्यांनी आणला असेल, असं गृहीत धरून चालत नाही. असो.

मूळ पुस्तकात एक छोटा प्रसंग आहे. तिसरं भूत स्क्रूजला भविष्य दाखवतं: स्क्रूज मेला आहे, आणि कॅरोलाइन नावाच्या बाईचा नवरा घरी येऊन ही बातमी सांगतो. दोघं त्याचे कर्जदार. बाईला आधी हायसं वाटतं, मग त्या वाटण्याची लाज वाटते. आणि लगेच ती विचारते, आता आपलं कर्ज कोणाकडे जाणार? वा! सावकार मेला तरी कर्ज मरत नाही, हे तुरुंगाच्या दारात उभं राहिलेल्या मुलालाच सुचणार. पण पुढे काय होतं? स्क्रूज सुधारतो, टर्की पाठवतो, कारकुनाचा पगार वाढवतो, दानधर्म करतो. कॅरोलाइनच्या कर्जाचं काय झालं, हे डिकन्स सांगत नाही. ‘स्क्रूज्ड’मध्ये तर ती बाईच नाही.

आता आपल्या पडद्याकडे या. १९२५ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा नारायण हरी आपट्यांची, शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. सावकार कागदाच्या जोरावर जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीच्या दाराशी जातो. भूत नाही, परी नाही, पश्चात्ताप नाही. १९३६ मध्ये पेंटरांनी तोच विषय बोलपटात पुन्हा केला. आपण कंजूषाला हसलो नाही असंही नव्हे; अत्र्यांनी मोलियरवरून ‘कवडीचुंबक’ लिहिलं आणि प्रेक्षक पोट धरून हसले. पण हसणं वेगळं आणि सावकार सुधारेल असं मानणं वेगळं.

यामागे इतिहास आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर गेले ते प्रामुख्याने खतं आणि वह्या जाळायला. जिथे सावकारानं कागद मुकाट्यानं दिले, तिथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही. आम्हाला हा तपशील फार मोलाचा वाटतो. त्या माणसांना सावकाराचं हृदय नको होतं, कागद हवा होता. १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला, आणि कोर्टाला खताच्या मागे जाऊन जुना व्यवहार तपासता येऊ लागला.

ही रीत आजही चालू आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात, बेकायदा सावकारीतून १५ वर्षांच्या आत बळकावलेली जमीन परत मिळवायची तरतूद आहे. अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडे करायचा. तिथे सावकार भला की बुरा याची चौकशी नसते. हे विक्रीखत खरोखर विक्रीचं होतं की कर्जापोटी लिहून घेतलेलं, एवढंच बघितलं जातं. ते दाखवायचं कसं, ही शेतकऱ्याची अडचण. कारण पैसे मोजले गेले तेव्हा खोलीत बहुतेकदा ते दोघंच असतात.