थेंबाचा नाच, थेंबाचा स्फोट

इतिहास म्हटला की राजे, तह आणि लढाया! स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या थेंबाला त्यात कोण विचारतो? पण वाचकहो, त्यालाही इतिहास आहे.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि वसई-डहाणूच्या किनाऱ्यावरचा पोर्तुगीज अंमल सरला. त्यानंतर सतरा वर्षांनी, १७५६ साली, तिकडे जर्मनीत ड्यूसबुर्गला लायडेनफ्रॉस्ट नावाच्या वैद्यकाच्या प्राध्यापकाने लोखंडी चमचा लालभडक तापवून त्यात पाण्याचा थेंब सोडला. तो चुर्रकन आटावा की नाही? छे! गोळीसारखा गोल होऊन तीस सेकंदांहून अधिक काळ टिकला. थेंबाखाली त्याचीच वाफ पसरते आणि तीच त्याला धातूपासून अलग धरते. पाण्याची माती होते, असाही एक तर्क प्राध्यापकमहाशयांनी त्यातून काढला. तो सोडून देऊ. त्यांच्या लॅटिन ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९६६ साली झाला. घावन घालण्याआधी तव्यावर पाणी शिंपडून पाहणाऱ्या आमच्या आजीबाईंचे त्यावाचून काही अडले नव्हते.

तेलात मात्र थेंबाची तऱ्हा निराळी. पाणी तेलाहून जड, म्हणून तो तळाशी जातो. तळणीचे तेल १८० अंशांच्या आसपास, पाणी उकळते १०० अंशांवर. पण चोहोकडून तेलाने वेढलेल्या थेंबात पहिला बुडबुडा धरायला खरखरीत जागा नसते. १०० च्या पुढे तापूनही तो क्षणभर गप्प राहतो. मग एकदम फुटतो! पाण्याची वाफ होताना ते सुमारे सोळाशेपट फुगते आणि वरचे तेल हातावर उडते. तो क्षणभराचा गप्पपणाच फसवा.

डहाणूच्या किनाऱ्यावर हे शास्त्र ओल्या बोंबलाने शिकवले. या मासळीत मांसापेक्षा पाणीच फार. म्हणून तो चिरून, पाट्याखाली दाबून, पाणी निथळवून, तांदळाच्या पिठात घोळवून मगच तेलात सोडायचा. उरलेला दांड्यांवर उन्हात सुकवायचा. तिथेही पाण्याशीच वैर. पाटा न ठेवणाऱ्या सुनेला सासू बोलण्याआधी कढईच बोलते.

दिवाळीच्या तळणात तेलच पेटले, तर हाच हिशेब उग्र होतो. घाबरून ओतलेले तांब्याभर पाणी तळाशी जाऊन वाफ होते आणि पेटते तेल आढ्यापर्यंत उडवते. आच बंद करून, जवळ जाता येत असेल तर कढईवर घट्ट झाकण सरकवावे आणि कढई गार होईपर्यंत ते उचलू नये.