आगीच्या आधी बांधायची भिंत : फायरवॉलचा इतिहास #थ्रेड

१/ २ सप्टेंबर १६६६. लंडनच्या पुडिंग लेनमधील एका बेकरीला आग लागली आणि काही दिवसांत १३,००० हून अधिक घरे भस्मसात झाली. लाकडी घरे एकमेकांना खेटून उभी होती. आग रोखण्यासाठी पुढची धडधाकट घरे पाडावी लागली. काही तर दारू लावून उडवावी लागली.

२/ १६६७ च्या पुनर्बांधणी कायद्याने विटा-दगडांचे बांधकाम सक्तीचे केले आणि दोन घरांमधील सामाईक भिंतीची जाडीही ठरवून दिली. आग लागणारच, ती एका घरापुरती राहावी, ही त्यामागची दृष्टी. अशा भिंतीला इंग्रजीत ‘फायरवॉल’ म्हणतात. संगणकशास्त्राने पुढे हाच शब्द उसना घेतला.

३/ २ नोव्हेंबर १९८८. कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने आपोआप स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. तेव्हाच्या सुमारे ६०,००० संगणकांपैकी अंदाजे ६,००० त्याच्या विळख्यात सापडले. त्याने माहिती पुसली नाही. पण एकाच यंत्रावर इतक्या प्रती साचल्या की यंत्रे ठप्प झाली.

४/ अनेक संस्थांनी घाईघाईने नेटवर्कची जोडणीच तोडली. म्हणजे पुन्हा लंडनचाच उपाय! त्यामुळे संसर्ग थांबला, पण त्यावरचा इलाज सांगणारे ईमेलही त्यांच्यापर्यंत पोहोचेनात.

५/ भिंत आधीच बांधायला हवी, हे आता सर्वांना पटले. १९८९ मध्ये ‘डिजिटल इक्विपमेंट’ कंपनीच्या जेफ्री मोगल यांनी पॅकेट गाळण्याची पद्धत मांडली. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो आणि कोणत्या सेवेचे दार ठोठावायचे, तो क्रमांकही. नियमात बसेल ते आत, बाकीचे बाहेर.

६/ १९९३ मध्ये इस्रायलमध्ये ‘चेक पॉइंट’ कंपनी स्थापन झाली. तिची फायरवॉल सुरू असलेला संवाद लक्षात ठेवी : आतून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येऊ द्यायचे, न बोलावता आलेल्याला रोखायचे. व्यापारी कंपन्यांना हे हवेच होते. शेकडो संगणकांतील प्रत्येक त्रुटी रोज दुरुस्त करणे अशक्य. वेशीवर पहारा बसवणे शक्य.

७/ पण गडाला चोरदिंडी असली तर? जानेवारी २००३ मध्ये ‘स्लॅमर’ हा वर्म जगभर पसरला. अमेरिकेतील ओहायो राज्यात असलेल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्राच्या फायरवॉलने त्याला अडवलेच असते. तो आला एका कंत्राटदाराच्या जोडणीतून, फायरवॉलला वळसा घालून. सुरक्षेची स्थिती दाखवणारी यंत्रणा जवळपास पाच तास बंद पडली. सुदैवाने अणुभट्टी त्या काळात बंदच होती.

८/ २७ जून २०१७. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ बाहेर पडला. विश्वासातल्या सॉफ्टवेअरचे अपडेट वेशीवर कोण अडवणार? ‘मर्स्क’ या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये तो शिरला. तिथे त्याला वाटेतच रोखतील अशा आतल्या भिंती पुरेशा नव्हत्या. कर्मचारी धावत जाऊन संगणकांच्या वायरी उपटत होते. १६६६, १९८८, २०१७ : उपाय तोच, आणि तितकाच उशिरा.

९/ याची झळ आपल्या किनाऱ्यालाही लागली. न्हावाशेवा येथील जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

१०/ म्हणून व्यवसायाला फायरवॉल लागते ती केवळ शत्रूला वेशीबाहेर ठेवण्यासाठी नव्हे. वेतनाचा विभाग, ग्राहकांची खाती, कारखान्यातील यंत्रे आणि कंत्राटदारांच्या जोडण्या यांच्यामध्येही भिंती हव्यात. लंडनच्या कायद्याने प्रत्येक दोन घरांमध्ये भिंत मागितली होती; शहराभोवतीचा तट तर तिथे आगीपूर्वीही होता.

#इतिहास #मराठी