सारकॉइडोसिस : बालकांतील नेत्रविकार

सारकॉइडोसिस या अनेक इंद्रियांना ग्रासणाऱ्या दाहक विकारात मुलांच्या डोळ्यांत होणारे बदल. हा विकार मुलांत विरळाच. मोठ्या मुलांत तो प्रौढांप्रमाणे फुप्फुसे, लसिका ग्रंथी व डोळ्यांत दिसतो. साधारण पाच वर्षांखालील मुलांत मात्र त्वचेवर पुरळ, सांधेसूज व युव्हियाचा (डोळ्याच्या मधल्या थराचा) दाह असे त्रिकूट आढळते. फुप्फुसे बहुधा सुटतात. याच स्वरूपाचा आनुवंशिक विकार एडवर्ड ब्लाऊ यांनी 1985 मध्ये वर्णिला. त्यामागे ‘नॉड-2’ जनुकातील दोष असल्याचे 2001 मध्ये उघड झाले.

डोळा लाल होईलच असे नाही, आणि लहान मूल धूसर दिसल्याची तक्रार क्वचितच करते. खरा धोका इथेच आहे. म्हणून निदान झालेल्या प्रत्येक मुलाची स्लिट लॅम्पने नियमित तपासणी आवश्यक ठरते. पारपटलाच्या आतील बाजूस जाडसर ठिपके व परितारिकेवर गाठी दिसतात. दुर्लक्ष झाल्यास मोतीबिंदू, काचबिंदू व अंधत्व ओढवते.

भारतात क्षयरोगाच्या गाठी जवळजवळ अशाच दिसत असल्याने तो आधी वगळावा लागतो. स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट व अडालिमुमॅब ही मुख्य औषधे. यांपैकी शेवटच्या औषधाने सुप्त क्षयरोग उफाळू शकतो.