मोजणीचा खर्च कोणी सोसावा?

जमिनीच्या मालकीवरून झालेल्या तंट्यांची कथा सर्वांना ठाऊक असते. ती जमीन मोजण्याचा खर्च कोणी द्यावा, या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्या देवस्थानांच्या जमिनी पिढ्यान् पिढ्या कुळांकडे आहेत, तेथील महाजनांस हा प्रश्न परका नाही. मोजणीदार बोलवावयाचा ठरला की, पैसे देवाच्या पेटीतून द्यावेत की कुळाने, यावर बैठकीत दोन पक्ष पडतात. हाच वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर बिहारमध्ये फार मोठ्या प्रमाणावर झाला. त्याची हकीकत येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा हेतू आहे.

मुंबई इलाख्यात हा वाद तशा स्वरूपात उद्भवला नाही, याचे कारण उघड आहे. इंदापूर तालुक्यात 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी पाहणी केली, ती सरकारी साऱ्याची आकारणी करण्यासाठी होती. शेताशेताची मोजणी केल्यावाचून सरकारला आपला सारा ठरविता येत नव्हता. सबब मोजणी हे सरकारचेच काम ठरले. बंगाल प्रांतात, व त्या वेळी त्याचाच भाग असलेल्या बिहारात, स्थिती उलटी होती. 1793 साली लॉर्ड कॉर्नवॉलिस यांच्या कारकीर्दीत तेथे जमीनदारांशी कायमधारा ठरला. शेत न मोजता आणि रयतेचे हक्क न नोंदविता सरकारचा सारा कायमचा निश्चित झाला. पुढे मोजणी केली तरी सरकारच्या तिजोरीत एक पैही अधिक पडणार नव्हती.

मोजणीची निकड होती ती रयतेला. 1859 च्या दहाव्या कायद्याने बारा वर्षे सतत जमीन कसणाऱ्या रयतेस वहिवाटीचा कायम हक्क दिला खरा. परंतु तीच जमीन बारा वर्षे आपल्याकडे होती, हे सिद्ध कसे करावयाचे? कागदपत्र सारे जमीनदाराच्या कचेरीत. 1885 च्या बंगाल कुळकायद्याने ही अडचण ओळखली. गावात कोणतीही जमीन बारा वर्षे धारण करणारा तो त्या गावचा स्थायिक रयत, असे त्याने ठरविले. शिवाय दहाव्या प्रकरणात मोजणी करून हक्कनोंद तयार करण्याची तरतूद केली.

याच प्रकरणाचे 114 वे कलम आमच्या विषयाचे मूळ होय. जेथे सरकारी साऱ्याची आकारणी व्हावयाची नाही, तेथे मोजणीचा व नोंदीचा खर्च, किंवा सरकार सांगेल तेवढा त्याचा भाग, जमीनदार व कुळे यांनी सोसावा. आणि कोणी किती, हे परिस्थिती पाहून प्रांतिक सरकारने ठरवावे, असा त्याचा आशय आहे. तत्त्व सरळ होते. ज्याचा लाभ, त्याचा खर्च. पण लाभ नेमका कोणाचा, येथेच घोडे अडले.

सर चार्ल्स एलियट हे 1890 ते 1895 या काळात बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. उत्तर बिहारच्या मोजणीचा त्यांनी आग्रह धरला, आणि जमीनदारांनी तिला कसून विरोध केला. दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंह हे विरोधकांत अग्रभागी होते. आम्ही ही मोजणी मागितली नाही. तिने खटले वाढतील, अंमलदारांचा जाच वाढेल. आणि वर तिचे पैसेही आम्हीच द्यावयाचे काय, असा जमीनदारपक्षाचा सूर होता. सरकारचे म्हणणे असे की, जमीनदारास खंडाचा पुरावा मिळतो, रयतेस वहिवाटीचा. तेव्हा दोघांनीही भार उचलावा. रयतेची बाजू मांडणारा तिच्यातला कोणी कौन्सिलात नव्हता. तिच्यापुढे दुहेरी धोका होता. आपला हिस्सा तर द्यावयाचाच, पण जमीनदाराचा हिस्साही एखाद्या अबवाबाच्या, म्हणजे खंडावरच्या जादा पट्टीच्या, रूपाने आपल्याच माथी बसावयाचा. अशा पट्ट्या त्याच कायद्याच्या 74 व्या कलमाने बेकायदा ठरविल्या होत्या. पण ज्याच्या दारात रोज उभे राहावयाचे, त्याच्यावर फिर्याद करणार कोण?

विरोध होऊनही मुजफ्फरपूर व चंपारण येथील काम 1892 ते 1899, सारणचे 1893 ते 1901 आणि दरभंग्याचे 1896 ते 1903 या काळात पार पडले. त्यातून रयतेच्या हाती 'खतियान' आला. आपल्याकडील सातबाऱ्याचा तो दूरचा भाऊबंदच म्हणावा.

त्या कागदाची किंमत चंपारणात दिसून आली. 1913 ते 1919 या काळात तेथे फेरमोजणी चालू होती, आणि निळीच्या सक्तीतून मोकळे करण्याच्या मोबदल्यात मळेवाल्यांनी वाढविलेल्या खंडाचे, म्हणजे शरहबेशीचे, वाद बंदोबस्त अधिकाऱ्यांपुढे होते. 1917 साली महात्माजी तेथे गेले. त्यानंतरच्या तडजोडीत ही वाढ तुरकौलिया मळ्याच्या बाबतीत शेकडा 20, तर मोतीहारी व पिप्रा यांच्या बाबतीत शेकडा 26 कमी झाली. वाढीव खंड कोणाकडून किती, हे नोंदीविना सांगता आले नसते.

पुढे 1950 च्या बिहार जमीनसुधारणा कायद्याने जमीनदारी गेली. लक्ष्मेश्वर सिंहांचे पुतणे कामेश्वर सिंह यांनी त्याविरुद्ध दिलेला लढा 1952 साली सर्वोच्च न्यायालयात संपला. जमीनदार गेले, खतियान राहिला. 2011 च्या कायद्यान्वये बिहारात नव्याने मोजणी सुरू झाली, तेव्हाही लोक आजोबा-पणजोबांचा जुना खतियानच शोधू लागले.

कायद्याचे अभ्यासक या नात्याने आम्हांस 114 व्या कलमात एक गुण व एक दोष दिसतो. खर्चात वाटा देणारी रयत त्या नोंदीची पक्षकार झाली; जमीनदाराच्या वहीतले नुसते एक नाव उरली नाही, हा गुण. तो वाटा तिला न विचारता ठरला, आणि धन्याचा वाटा तिच्यावर ढकलला जाऊ नये यासाठी त्या कलमात काही तजवीज नव्हती, हा दोष.

गोव्यात 1968 च्या जमीन महसूल संहितेनंतर झालेल्या मोजणीतून नमुना एक व चौदा तयार झाला, आणि त्यात कुळाच्या नावासाठी रकाना आला. त्या रकान्यावरून आजही वाद होतात. सीमांकनासाठी मोजणीदार बोलविणाऱ्या देवस्थानांना आमचे सांगणे इतकेच: खर्चाची वाटणी मोजणीपूर्वी कुळासमक्ष लिहून ठेवावी, बांधावर त्याला उभे करावे, आणि नकाशाची एक प्रत त्याच्या हाती द्यावी. देवाच्या जमिनीची हद्द दोघांच्या साक्षीने ठरली, तर ती पुसण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही.