तबेला आणि खाळकुवा

मुंबईच्या जुन्या वस्त्यांत दोन घरांच्या पाठभिंतींमध्ये अंग चोरून चालावे लागेल अशी जी अरुंद बोळ अद्याप कोठेकोठे आढळते, तिला घरगल्ली म्हणतात. आणि या शहराच्या आरोग्यखात्याचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा आहे त्याने प्रथम तेथे जाऊन उभे राहावे, असे मला मनापासून वाटते. शौचकूपाच्या तळाशी लहानसे दार असे, त्यातून हलालखोर, म्हणजे मैला वाहणारा सफाईकामगार, मैल्याची टोपली बाहेर ओढी, आणि मोरीचे पाणी उघड्या नालीतून जेथे गटार असेल तेथे गटारात, नाही तर खाळकुव्यात, म्हणजे जमिनीत खणून वर फरशी घातलेल्या खड्ड्यात, जाऊन पडे. पिण्याच्या पाण्याची विहीर पुष्कळदा त्याच आवारात असे.

घोड्यांचे तबेलेही याच दाटीत होते. शिग्राम, बग्गी, पुढे व्हिक्टोरिया, या सर्व गाड्यांचा भार घोड्यावर. पहाटे मोतद्दार खरारा करी, दाणा भिजवी, ठाणावरचे ओले गवत आणि लीद कोपऱ्यात लोटी. पावसाळ्यात तो ढीग पाझरू लागे आणि फरसबंदीच्या सांध्यांतून जनावराचे मूत्र जमिनीत उतरे. म्हणजे तबेला आणि खाळकुवा यांचा अपराध मुळात एकच, शेजाऱ्याच्या विहिरीकडे सरकणारी घाण.

सरकारी देखरेखीची सुरुवात १८४५ च्या कॉन्झर्व्हन्सी बोर्डापासून धरावी लागेल. या बोर्डाचे अधिकारी हेन्री कॉनिबेअर यांनी १८५२ मध्ये शहराच्या आरोग्यस्थितीवर विस्तृत अहवाल लिहिला. १८५८ मध्ये बोर्डाच्या जागी तीन कमिशनर आले, आणि १८६५ च्या कायद्याने सर्व कारभार आर्थर क्रॉफर्ड या एकाच कमिशनराकडे जाऊन डॉ. हेवलेट हे आरोग्याधिकारी झाले. त्या पिढीच्या वैद्यकाची समजूत अशी की, रोग दूषित हवेतून, दुर्गंधीतून उद्भवतो. तेव्हा ज्याला वास येई तो तबेला तपासनिसाच्या नजरेत आधी भरे, आणि फरशीखाली झाकलेला खाळकुवा वर्षानुवर्षे निर्वेधपणे झिरपत राही. त्या अधिकाऱ्यांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. त्यांचे शास्त्रच त्यांना नाकाच्या वाटेने नेत होते.

शिवाय भूमीही प्रतिकूल. खाळकुवा चालतो तो भोवतालची माती पाणी शोषून घेते तोवर. परंतु भायखळा, कामाठीपुरा इकडचा सखल भाग, ज्याला ‘फ्लॅट्स’ म्हणत, तो भरतीच्या पातळीहून खाली, समुद्राला बांध घालून मिळवलेला. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येई, खड्ड्यातील पाण्याला जावयास वाव उरत नसे, आणि ते उलट अंगणात उतू जाई. १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात आले ही केवढी सुखाची गोष्ट. परंतु आलेले पाणी बाहेर नेण्याची तजवीज मागे राहिल्यामुळे त्या सुखाचा भार जुन्या खाळकुव्यांवरच पडला.

१८७४ च्या ९ मे रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीपर्यंत एक किंवा दोन घोड्यांनी ओढलेला तो डबा नागरिकांना कौतुकाचा वाटला. मात्र त्यामागे मोठाली पागा उभी राहिली, आणि विजेची ट्राम येण्यापूर्वी ट्राम कंपनीपाशी १,३६० घोडे होते. एवढ्या जनावरांची लीद रोज कोठे जावी, हा प्रश्न घरगुती राहिला नाही. १८८८ च्या महापालिका कायद्याने तबेल्याला परवाना, मोऱ्या व खाळकुवे तपासण्याचा अधिकार आणि मैला वाहण्याच्या कामासाठीची हलालखोर पट्टी, ही सारी एकाच चौकटीत आणली.

याच सुमारास, १८९० मध्ये, माटुंग्याला महारोग्यांसाठी आश्रम निघाला, आणि खाळकुव्याला पर्याय शोधण्याचे प्रयोग पुढे तेथेच झाले. तो पालिकेचे कमिशनर ॲकवर्थ यांनी उभारला. इंग्लंडातील एक्झेटर येथे १८९६ मध्ये कॅमेरन यांनी सेप्टिक टाकी बांधली, आणि लगोलग पालिकेचे जलनिस्सारण अभियंता सी. सी. जेम्स यांनी या आश्रमात तिचे प्रयोग आरंभले. बंद टाकीत मैला सूक्ष्म जंतूंकडून विरघळतो, जड गाळ तळाशी बसतो, आणि त्यातून निघणारा वायू दिव्यासाठी व पुढे यंत्रासाठी उपयोगी पडला. समाजाने बाहेर घातलेल्या रोग्यांच्या आवारात शहराला आपल्या मैल्याचा मार्ग सापडावा, ही गोष्ट मला नेहमी हेलावून टाकते. परंतु टाकी झाली तरी तिचे पाणी मुरावयास जमीन हवी आणि साचलेला गाळ वेळच्या वेळी उपसावयास हवा. हे टळले की ती पुन्हा खाळकुवाच होते.

२०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बेकायदेशीर ठरवून वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा त्यांचे तबेले १८८८ च्या त्याच कायद्याच्या ३९४ व्या कलमाखालील परवान्यावाचून चालू आहेत, हेही न्यायालयाने विचारात घेतले. तबेल्यांची ही गत; इकडे मैल्याच्या टाकीत उतरणाऱ्या माणसासाठी संसदेने २०१३ मध्ये निराळा कायदा केला. तरी सेप्टिक टाकीत गुदमरून कामगार दगावल्याच्या बातम्या अजून येतात, आणि त्यांची घरे पाहिली तर पुष्कळदा ती हलालखोरांच्याच वंशजांची असतात.