पाणी कोणी बाटवले?

‘सर, वालधुनी झोपडपट्टीवाल्यांनीच घाण केली.’ वर्गात एक विद्यार्थी सहज बोलून गेला. मी क्षणभर गप्प झालो. माझे बालपण त्याच काठावरच्या वस्तीत गेले. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्या मुलावर मी रागावलो नाही. पाणी कोणी बाटवले हे ठरविण्याची आपल्या समाजाची जुनी रीत त्याच्या तोंडून बोलत होती.

महाडचे चवदार तळे आठवा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी व हजारो अस्पृश्यांनी तेथील पाणी घेतले. त्यानंतर सवर्णांनी तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते ‘शुद्ध’ केले. माणसाच्या ओंजळीने पाणी नासते आणि शेणाने सुधारते, असे हे धर्माचे रसायनशास्त्र! खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. बंदीची रूढी अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही, असा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. त्यातला एक मुद्दा आपण विसरतो. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्यापूर्वी पाण्यावर असा एकट्याचा हक्क कोणी सांगितला असेल काय, अशी शंका न्यायालयानेच घेतली. म्हणजे काठची जमीन आधी बदलली. विटाळ मागाहून आला.

आता वालधुनीकडे पाहू. तिच्या काठी अंबरनाथचे शिवमंदिर आहे. त्यावरील शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा. खाली कल्याणजवळची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तेथील बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. पुढे अंबरनाथ-बदलापुरात रासायनिक कारखाने आले. नदीचा नाला झाला. अंबरनाथला पाणी देणाऱ्या चिखलोली धरणाच्या पाणलोटाकडेही वस्ती आणि कारखाने सरकले.

दोष मात्र काठावरच्या माणसाच्या माथी. वस्तीचा मैला नदीत जातो, हे मी नाकारीत नाही. मैल्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपतो, जलपर्णी माजते. पण वस्तीला गटार कोणी दिले नाही? २०१४च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात वालधुनीत रसायन ओतले गेले आणि काठावरचे शेकडो रहिवासी गुदमरून रुग्णालयात गेले. ते रसायन झोपडीत तयार झाले नव्हते. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सुमारे ९५ कोटींचा दंड सुनावला, तो नगरसंस्था व औद्योगिक सांडपाणी केंद्रे यांना, झोपडीवाल्यांना नव्हे.

महाडला पाणी पिणारा गुन्हेगार ठरला. येथे विष श्वासात घेणारा गुन्हेगार ठरतो. म्हणून पुढच्या रविवारी मी त्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या वर्गाला घेऊन मंदिरापासून खाली काठाने चालणार आहे. कोणता नाला कोणाच्या आवारातून येतो, ते आम्ही वहीत उतरवू. पाण्याचा इतिहास आजवर काठावरच्या माणसाविरुद्ध लिहिला गेला. आता तो त्याने स्वतः लिहावा.