कलम ६६ अ : पालघरपासून दिल्लीपर्यंत

माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ अ हे कलम २००८ च्या दुरुस्तीने आले. संगणक वा मोबाइलवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा त्रासदायक मजकूर पाठविल्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात होती. त्रास कोणाला व किती, याची व्याख्या मात्र नव्हती; ती ठाण्यातील अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिली.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला त्याचा प्रत्यय आला. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिल्याबद्दल एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला. दुसरीने तो मजकूर केवळ ‘लाइक’ केला. अटक दोघींनाही झाली.

या अटकेनंतर कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली. न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांनी २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरविले. चर्चा किंवा एखाद्या मताचा पुरस्कार कितीही अप्रिय असला तरी तो गुन्हा नव्हे, चिथावणी दिल्यास मात्र निर्बंध लागू होतात, अशी ही रेषा आहे. मजकूर रोखण्याचा ६९ अ खालील सरकारी अधिकार न्यायालयाने कायम ठेवला.

आश्चर्य म्हणजे रद्द कलमाखाली गुन्हे नोंदविले जातच राहिले. असे खटले चालविता येणार नाहीत, हे न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले.

गटांत तेढ वा अफवा पसरविण्याबद्दल भारतीय न्याय संहितेची कलमे १९६ व ३५३ लागू आहेत. वाशिम, कारंजा किंवा रिसोडला व्हॉट्सअॅपवरील मजकुरावरून तक्रार झालीच, तर प्रथम खबरी अहवालातील कलमे आधी वाचावीत. तेथे ६६ अ दिसल्यास वरील दोन्ही आदेश वकिलामार्फत ठाण्यात दाखवावेत.